ताडपत्रांची पोथी, मुक्काम पोस्ट बेलापूर

ये गं, सरक जरा इकडे. कागदावर का होईना, पण जवळ बस. आणि आधी तो मोबाईल पालथा ठेव. परवा फोनवर तू काय म्हणालीस ते मला अजून टोचतंय बरं का. "आजी, वर्गातल्या मुली आपापल्या गावाचं काय काय सांगतात. कुणाकडे लेणी, कुणाकडे बंदर. आपल्या नगरकडे काय होतं? ऊस नि दुष्काळ." असं बोलतात का, वेडाबाई? तोंडाला येईल ते! तुझा बाप बेलापुरात ज्या घरात रांगला, त्या घराच्या मालकांनी हे ऐकलं असतं ना, तर तुला समोर पाटावर बसवलं असतं आणि तुझ्या ताटातल्या मिठापासून सुरुवात केली असती.

त्यांना आम्ही काका म्हणायचो. नाव मुद्दामच सांगत नाही, त्यांनाच नावाचं फारसं कौतुक नव्हतं. सगळी नोकरी रेल्वेच्या टपालडब्यात, सॉर्टर म्हणून. दौंड ते मनमाड, मनमाड ते दौंड. हलत्या डब्यात उभं राहायचं आणि पाकिटं त्या त्या गावाच्या खणात टाकायची. "आधी गाव बघायचं, नाव शेवटी," हे त्यांचं रोजचं वाक्य. माणसांनाही तोच नियम. माझं माहेर कोपरगाव, तर मी पहिल्या दिवसापासून 'कोपरगाव'. तुझे आजोबा 'जामखेड'. आणि स्वतःच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, 'पैठण'! "अहो पैठण, कोपरगाव आलीय, चहा टाका." नवखा माणूस ऐकून आजूबाजूला बघायचा, हे बोलतायत कुणाशी.

तुझे आजोबा तेव्हा साखर कारखान्यात नवे लागलेले. सत्तर-एकाहत्तर साल असेल. काकांच्या घरात मागच्या दोन खोल्या आम्ही घेतल्या. घर दगडमातीचं, साधंच, पण पुढं लांब ओसरी आणि ओसरीला दिवसभर ऊन यायचं नाही. त्या ओसरीवर काका बसलेले. अंगात बंडी, नाकावर चष्मा, आणि हातात काहीतरी धरून ते उलटंपालटं करत बघणं चाललेलं. बांगडी असो, खोबऱ्याची वाटी असो, माझ्या माहेरून आलेला पितळी डबा असो, प्रश्न एकच: "हे आलं कुठून?"

जेवायला बसले की ताटाला नमस्कार आणि लगेच सुरू. "हळद सांगलीची. मीठ मुंबईकडच्या मिठागरातलं. हिंग काबूलकडचा. लवंग तर समुद्रापलीकडून आलेली. आणि मिरची! मिरचीचं मूळ गाव ऐकशील तर..."

काकू वाढणं हातात धरून उभ्या. "आणि ही भाकरी गार होतेय, ती कुठली म्हणायची?"

"ती आपल्या वावरातली. तिला थांबवलं तर चालतं."

"तिला चालतं हो. मला भांडी घासायचीत."

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढची शाळा म्हणजे काकांचं रेल्वेचं जुनं टाइमटेबल. दुपारी तुझा बाप झोपला की मी ओसरीवर जायची आणि ते मला स्टेशनं वाचायला लावायचे. नुसती स्टेशनं नाहीत हां. कुठं गाडी बदलायची, कुठली लाइन कुठं फुटते. मी आजवर मुंबई दोनदा पाहिलीय आणि मद्रास एकदाही नाही, पण कुठून कसं जायचं ते मी तुला आजही सांगेन. आता इतकं लिहितेय तेही त्या टाइमटेबलच्या जिवावर.

बरं. पोथीचं सांगते.

काकांच्या खोलीत कोनाड्याखाली एक शिसवी पेटी होती. तिच्यात लाल सुती कापड, कापडात पोथी. आजूबाजूला वेखंडाच्या कांड्या आणि सुकलेला कडुलिंब. पोथी म्हणजे तू समजतेस तशी नाही. कागदच नाही तिच्यात. ताडाची पानं, हातभर लांब आणि तीन बोटं रुंद, एकावर एक. मध्ये भोक, भोकातून दोरी, दोरीच्या टोकाला एक तांबडा मणी. वर आणि खाली लाकडाच्या पट्ट्या. वरच्या पट्टीच्या आतल्या बाजूला हंसांची रांग काढलेली, निळी. ती निळाई अजून डोळ्यांपुढे आहे माझ्या.

दिवाळीनंतरच्या पंचमीला ती बाहेर यायची. जैन मंडळी त्या दिवशी पोथ्यांना हवा देतात, पूजा करतात. काका जैन नव्हते, पण पोथी जैनांची, म्हणून तिचा सण तिला. ओसरीवर धुतलेली पासोडी अंथरायची, पानं सुटी करून ठेवायची, ऊन लागू द्यायचं नाही. त्या दिवशी ओसरीवर चहा बंद, पान-तंबाखू बंद, ओल्या हाताचं माणूस बंद. गावात ते पोथीबुवा म्हणून ठाऊक झाले होते, त्यामुळे बायका यायच्याच. शेजारची पारूबाई तर हात जोडून समोर मांडी घालूनच बसली एकदा.

"काका, एवढी पोथी हाय तर वाचा की. आमी बसतो हितं."

"ही वाचायची नाही, पारूबाई. बघायची."

"बघून पुन्य लागतं व्हय?"

"तू आधी पान बघ. असलं पान असणारं झाड आपल्या तालुक्यात कुठं बघितलंस?"

पारूबाईनं नीट वाकून बघितलं. "न्हाई बा. शिंदीचं न्हाई हे."

"मग आलं कुठून?"

"मला काय ठावं? पोस्टातलं तुमी!"

काका असे खूश झाले, काय सांगू! अख्खी दुपार मग पारूबाईला सोडलं नाही. ते पान खाली दक्षिणेतलं, समुद्रकाठचं, मलबार नाहीतर त्याच्याही पलीकडे सिंहलद्वीपाकडचं. तिथं ते उकळायचं, वाळवायचं, घासून गुळगुळीत करायचं, गठ्ठे बांधून गलबतात भरायचं. गलबत वर गुजरातेत. तिथं कुणी जाणता त्यावर शाईनं लिहायचा. "दक्षिणेत पानावर लोखंडी अणीनं कोरतात, पारूबाई. हे कोरलेलं नाही, बोरूनं लिहिलंय. म्हणजे पान दक्षिणेचं, हात उत्तरेचा! आणि मणी खंबायतचा. आणि ही सगळी वऱ्हाडमंडळी बैलाच्या पाठीवर घाट चढून आपल्या मुलखात आली. आठ-नऊशे वर्षं झाली असतील. आणि लोक म्हणतात, इकडं कुणी येत नव्हतं!"

पारूबाई म्हणाली, "लई लांबून आली बिचारी. दमली आसंल." आणि तिनं लांबूनच पोथीची दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडली.

खरं सांगू? काकांना त्यातली चार अक्षरंसुद्धा धड लागत नव्हती. मी एकदा विचारलंही, "काका, लिहिलंय काय त्यात?" तर म्हणाले, "पाकिटातलं पत्र सॉर्टर वाचतो का गं कोपरगाव? वाचणारे वाचतील. मी शिक्के बघतो."

पण ती पोथी त्यांची नव्हती, ही खरी गोष्ट. ती मला काकूंनी सांगितली, शेवया वळता वळता. काकांचे मामा खर्ड्याचे. त्यांच्या शेजारी एक जैन व्यापारी, कापडाचा. गावात कसलीशी साथ आली, तेव्हा तो बायकापोरं घेऊन निघाला आणि पेटी मामांच्या हाती देऊन म्हणाला, "चार दिवस सांभाळा. दिवाळीनंतर हवा द्या. येतोच." तो गेला तो गेला. मामा वाट बघत म्हातारे झाले आणि जाताना पेटी भाच्याच्या स्वाधीन केली, कारण भाचा टपालात. त्याला माणूस सापडेल!

"सापडला का मग?" मी.

"अगं, नोकरीभर दुसरं काय केलं ह्यांनी?" काकू म्हणाल्या. "त्या आडनावाचं एकेक पाकीट हातात आलं की पत्ता पाठ करून ठेवायचे. सुट्टीत जाऊन विचारायचे, तुमचे वाडवडील खर्ड्याचे का हो? नाशकाला गेले, बार्शीला गेले. एकदा लग्नाच्या मांडवात जाऊन नवरदेवाला विचारलं. त्या लोकांना वाटलं, हा काही मागायला आलाय. जेवायला बसवलं बिचाऱ्यांनी."

म्हणजे बघ, त्यांच्या लेखी ती पोथी हे एक न पोचलेलं टपाल होतं. आणि सॉर्टर गप्प बसणार कसा?

पुण्याहून एक बाई आल्या होत्या त्या सुमाराला. जुन्या पोथ्या सांभाळणाऱ्या एका संस्थेत काम करायच्या. कुणाकडून तरी ऐकून आल्या, एस.टी.नं, खांद्याला कापडी पिशवी. काकांनी आधी त्यांचे हात धुवून घेतले, मग पुसून घेतले, मग परत तपासले. बाई मोठ्या समजूतदार. पोथीवर वाकल्या त्या वाकल्याच. उठल्या तेव्हा डोळे असे चमकत होते! म्हणाल्या, "काका, तुमचं बरोबर आहे. जुनी आहे, आणि पान दक्षिणेतलंच."

"आणि हा निळा रंग?" काका पुढे सरसावले. "काबूलच्याही पलीकडून येतो ना, तो दगड कुटून केलेला?"

"तपासल्याशिवाय नाही सांगता येणार. पण मला नीळ वाटतेय. झाडाची. गुजरातेतलीच असेल."

काकांचा चेहरा असा पडला, जसं काही लांबचं मोठं स्थळ म्हणून ठरवलं आणि नवरा शेजारच्या गावचा निघाला. दोन दिवस ते हंसांकडे बघत नव्हते.

मग बाई मुद्द्यावर आल्या. म्हणाल्या, "घरात अशा गोष्टी टिकत नाहीत, काका. आमच्याकडे द्या."

"ठेव आहे ती. मालक आल्याशिवाय हलायची नाही."

"मालक कधी येणार?"

काकू आतून म्हणाल्या, "मालक कसले, आता त्यांच्या पणतवंडांची वाट बघतोय आम्ही."

बाई हसल्या, चहा पिऊन, म्हणजे परसात उभ्यानं चहा पिऊन, निघून गेल्या. जाताना पत्ता तेवढा काकूंच्या हाती दिला.

त्यानंतर बहात्तर साल. तुला दुष्काळ म्हटलं की कंटाळा येतो, म्हणून थोडकंच सांगते. प्रवरेचं पात्र आम्ही चपला घालून ओलांडत होतो. पारूबाई खडी फोडायला जायची, तिचे तळवे बघवत नसत. रेशनवर मिलो मिळायचा, अमेरिकेहून आलेली ती लाल ज्वारी. भाकरी थापावी तर फुटायची, खावी तर घशाखाली उतरायची नाही. सगळा गाव शिव्या घालायचा. काका तेवढे मिलोचे दाणे तळहातावर घेऊन बसायचे. "बघ गं कोपरगाव, केवढा समुद्र ओलांडून आला हा!"

पारूबाई एकदा भडकलीच. "आला तर आला. त्येला म्हनावं, आल्या वाटंनं जा परत!" मग त्यांनी आपल्या वाटचा गूळ आणून तिच्या पोरांना दिला. त्यांना दुसऱ्याचं दुःख कळत नव्हतं असं नाही गं, फक्त उशिरा कळायचं. आधी गाव दिसायचं, माणूस मागून.

त्या कोरड्या हवेनं माणसांचे ओठ फुटले, तसं पोथीचंही झालं. पानांच्या कडा चिरफळायला लागल्या. पेटी उघडली की तळाशी बारीक भुसा. काका दर दोन दिवसांनी उघडायचे आणि तो भुसा बोटावर घेऊन उजेडात धरायचे. झोप गेली त्यांची. काकू म्हणायच्या, घरात आजारी माणूस असल्यासारखं झालंय.

आमच्या कारखान्यात एक केमिस्ट होते, तंजावरकडचे. म्हणून त्यांचं नाव 'तंजावर'. भला माणूस. काकांकडे गप्पांना यायचे. त्यांनी पानं बघितली आणि म्हणाले, "आमच्या घरी आजोबा असं करत होते, काका. गवती चहाचा तेल लावायचा. वर काजळी घासायची. मग कापडानी पुसायचा. पान नरम होतो, अक्षर एकदम काळा, चमकतो!"

काकांनी विचार केला तो असा, की पान दक्षिणेचं आहे, तर औषधही दक्षिणेचंच लागू पडणार. तंजावरांनी गावाकडून तेल मागवलं. चैत्रातली दुपार. ओसरीवर पासोडी अंथरली. काकूंनी दिव्यावर वाटी धरून काजळी काढून दिली. शंका नको म्हणून काकांनी सगळ्यात शेवटचं पान घेतलं. तेल लावलं. काजळी घासली. तंजावर पुढं होऊन सांगत होते, हळू, हळू. मग मऊ धोतराच्या फडक्यानं काकांनी पान एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पुसत नेलं.

फडकं काळं झालं. आणि पान स्वच्छ. अक्षर नाही त्यावर एक.

तंजावर खाली बसले. "काका... हे तर शाईचा आहे. कोरलेला नाही. कोरलेल्यात काजळी बसतो. हे वरच्यावर होता..."

"मला ठाऊक होतं," काका म्हणाले. "मीच सगळ्यांना सांगत होतो."

हातातलं फडकं त्यांनी खाली ठेवलं नाही. कितीतरी वेळ तसंच. शेवटी काकूंनी एकेक बोट सोडवून ते काढून घेतलं.

त्यानंतर ते बोलायचे बंद झाले. म्हणजे हो-नाही म्हणायचे. ताटावर बसले की खाली मान घालून जेवायचे, मुकाट. काकूंना वाढून झाल्यावर उभं राहायला कारणच उरलं नाही. आणि एक दिवस मला म्हणाले, "सूनबाई, जरा पाणी देता?" सूनबाई! मी आत जाऊन रडले. वाटलं, ह्यांच्या डोक्यातले सगळे खण मोकळे झाले की काय.

तंजावर रोज यायचे, दारातूनच बघून परत जायचे. त्यांच्या मनाला तर किती लागलं असेल. काका त्यांना एवढंच म्हणाले, "तुम्ही तुमच्या घरचं खरं तेच सांगितलंत. चूक माझी."

मग काकूंनी काय केलं, ते ऐक. एका सकाळी त्या ते पुसलेलं पान घेऊन ओसरीवर येऊन बसल्या. मी गहू निवडत होते, कुठून तरी पायलीभर मिळाले होते. काकू पान उजेडात धरून बघतायत. काका भिंतीकडे तोंड करून.

"मी म्हणते," काकू माझ्याकडे बघून, पण त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, "गलबतात घातलं तेव्हा हे असंच असेल, नाही का गं? कोरं."

मी म्हटलं, "असेल."

"आणि ह्यांनी कोरं पान कधी बघितलं होतं? ह्या शिरा बघ कशा गेल्यात, सरळ. अक्षरांखाली दिसतच नव्हत्या. आणि ही कड सुरीनं कापलीय की विळ्यानं? मला बाई कळत नाही."

मग काका वळले. हात पुढे केला. पान घेतलं, डोळ्यांशी नेलं. "सुरी," म्हणाले. "विळ्याची कड अशी नसते." परत थोड्या वेळानं, "मध्ये दांडा होता, तो काढून टाकलाय. दोन माणसं लागली असतील, एक धरायला."

काकूंनी मला डोळा मारला. साठीच्या बाईनं डोळा मारलेला मी तेवढाच बघितला आयुष्यात.

पण काकू तिथं थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "आता उरलेली पानं अशी कोरी व्हायच्या आत पोचवा."

"कुणाला पोचवू? मालक सापडत नाही."

"तुमच्या डब्यात ज्या पाकिटाचा मालक सापडायचा नाही, त्याचं काय करायचात?"

"वर पाठवायचो. त्याची वेगळी मोठी कचेरी असते. तिथं त्यातली माहीतगार माणसं असतात, ती शोध घेतात, जपून ठेवतात."

"आणि सॉर्टरनं ते पाकीट घरी नेऊन ठेवलं तर?"

"छे! गुन्हा आहे तो. नोकरी जाईल..."

आणि बोलता बोलता ते थांबले. माझ्या सुपातले गहू तसेच राहिले. काकू उठून आत गेल्या आणि पुण्याच्या बाईंचा पत्ता घेऊन आल्या. चण्याच्या डब्यात जपून ठेवला होता त्यांनी.

काकांनी कार्ड टाकलं आणि बाई आल्या त्या पहिल्या गाडीनं. काकांनी त्यांना बसूही दिलं नाही. पेटी उघडली आणि पहिल्यांदा ते कोरं पान पुढे केलं. "आधी हे बघा. हे मी केलंय. ह्याच्यावर जे होतं ते आता कुठंच नाही. हे बघून घ्यायची असेल तर घ्या."

मी दाराआड उभी. ह्या बाई आता रागावल्या, तोंडातून एक शब्द वावगा गेला, तर हा माणूस परत बोलायचा नाही.

बाईंनी पान घेतलं. चष्मा वर केला. खूप वेळ बघितलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, लपवलं नाही त्यांनी. मग म्हणाल्या, "गेलं ते गेलं, काका. वाईट झालं. पण लोक अशी पानं चुलीत घालतात, आणि वर आम्हाला सांगतात, होती तेवढी ही एवढीच. तुम्ही दाखवलंत." आणि थोड्या वेळानं, "हे एक पान तुमच्याकडे राहू द्या हवं तर. आठवण म्हणून."

काका ताठ झाले. इतक्या दिवसांनी मला ते पहिले काका दिसले. "बाई, वाटेत थैली फोडत नाहीत. जे आलं ते सगळं पुढे जाणार. कोरं धरून."

अटी दोन घातल्या त्यांनी. पोथीवर नाव लिहायचं ते खर्ड्याच्या त्या व्यापाऱ्याचं, आपलं नाही. आणि त्या घरातलं कुणी कधी विचारत आलं, तर त्याला आडकाठी न करता दाखवायची. बाई म्हणाल्या, लिहून देते. काका म्हणाले, लिहा.

निघायच्या वेळी काकू ओटी घेऊन आल्या. मला आधी कळेचना कुणाची. तर पेटीची! खण होता ठेवणीतला. पण तांदूळ कुठला त्या साली? गहू होते ते दळून झालेले. काकूंनी मूठभर मिलो घातला खणात, वर हळकुंड.

"अहो पैठण, शाईला कुंकू लागेल!" काका ओरडले.

"पेटीला लावतेय. पोथीला नाही. एवढं कळतं मला." आणि पेटीला कुंकू लावून म्हणाल्या, "चार दिवस म्हणून आलीस, बाई. फार राहिलीस. नीट जा."

पारूबाई खडीवरून मधेच आली होती, तिनं पदरानं डोळे पुसले. "अमेरिकेची ज्वारी वटीत. लई मान झाला की हिचा!" रडता रडता सगळे हसलो.

टेम्पोनं श्रीरामपूर स्टेशनला गेलो. पेटी काकांच्या मांडीवर. दोरी बांधून गाठीवर लाख त्यांनीच लावली होती. गाडी आली, बाई चढल्या, काकांनी पेटी वर दिली. दिली म्हणजे, बाईंनी धरली तरी ह्यांचा एक हात सुटेना. गार्डानं शिट्टी दिली. तंजावर मागं उभे होते, त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा सुटला.

घरी आल्यावर ओसरीवर बसले आणि घड्याळ बघून सांगत राहिले. "आता राहुरी." "आता नगर. नगरला गाडी थांबते बराच वेळ. पाणी भरतात." "आता दौंड. इथं बदलायची." काकू शेजारी बसून वाती वळत होत्या. तिन्हीसांजेला दिवा लावला तेव्हा म्हणाले, "पोचली." काकू म्हणाल्या, "पोच येऊ दे." "येईल," काका म्हणाले, "पण पोचली."

पोच आली. साधं कार्ड. मीच वाचून दाखवलं, त्यांचा चष्मा काही केल्या पुसून होईना. सगळी पानं सुखरूप, कोऱ्यासकट, असं होतं त्यात. पुढं ते पाचसहा वर्षं होते. आम्ही कितीदा म्हटलं, चला पुण्याला, बघून येऊ. "टपाल पोचल्यावर सॉर्टर मागं मागं जात नाही," म्हणायचे. पण पुण्याचं कुणी घरी आलं की त्याला विचारायचे, यंदा तुमच्याकडे हवा कशी आहे, फार कोरडी नाही ना?

ते गेले, मग काकू गेल्या. तुझे आजोबा गेले. आणि माझंही जायचं राहिलंच बघ. घर, शेत, तुझा बाप, तुझ्या आत्या. आता गुडघे म्हणतात, बस.

पण तू आहेस ना तिथं, पुण्यात. तेव्हा एक काम कर माझं. त्या संस्थेचं नाव मी तुझ्या बापाला सांगितलंय, त्याला विचार. त्या बाई आता नसतील, पण कुणीतरी असेलच. जा, हात धू, आणि सांग की खर्ड्याहून बेलापूरमार्गे आलेली ताडपत्रं बघायचीत. त्या व्यापाऱ्याच्या घरचं कुणी कधी येऊन गेलं का, तेवढं विचार. आणि शेवटचं पान मागून घे. हातात देणार नाहीत, न देवोत, पण वाकून नीट बघ. शिरा अजून सरळ आहेत का, कड कुठं चिरलीय का.

आणि ते मला फोनवर सांगू नकोस. फोनवर तू भराभरा बोलतेस, मला निम्मं ऐकू येत नाही. समोर बसून सांग. येत्या रविवारी नाही जमलं तर त्याच्या पुढच्या, पण ये. दौंडला गाडी बदलावी लागते, ते लक्षात ठेव. आल्या दिवशी परत जायचं काढू नकोस, दोन दिवस राहा. लवकर ये गं.